तुझ्या सिनेमात बहीण नाही

कान्हे,
रविवार, १८ जानेवारी २०२६

गौरव,

वर 'प्रिय' लिहायचं विसरलेले नाही. लिहिलेलं नाही.

तुझा नंबर मी चार वर्षांपूर्वी ब्लॉक केला आणि तो तसाच राहणार आहे, म्हणून हे पत्र. पत्ता भिमाजीकाकांनी दिला. ज्या काकांनी बाबांच्या पुण्यानुमोदनाला तुला सगळ्यांदेखत अंगणातून घालवलं, तेच काका परवा कामशेतच्या चौकात तुझ्या पोस्टरशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

तुझा सिनेमा काल पाहिला. लोणावळ्याला, दुपारी साडेबाराचा खेळ. माझ्याबरोबर आमच्या आरोग्य उपकेंद्रातली मानसी होती. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून तुझं नाव आलं तेव्हा ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अमृताताई, हे तुमच्यातले कोण?" मी म्हटलं, "आहे आमच्या गावचा."

मला एवढंच सांग, बाबा अनवाणी का आहेत?

त्यांना रेल्वेचे बूट मिळायचे. दर रविवारी ते बूट ओट्यावर घेऊन बसायचे आणि तू पॉलिशची डबी धरून त्यांच्या मांडीला टेकलेला असायचास. तेवीस वर्षं तो माणूस खांद्यावर हातोडा टाकून कान्हे ते कामशेत रूळ तपासत चालला. तू एक दिवस त्या खडीवरून अनवाणी चालून दाखव, पन्नास पावलं. त्यांचा गणवेश आई तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची, नंतर विजेची इस्त्री आली. तुझ्या सिनेमातला माणूस फाटक्या बनियनवर रुळावर जातो आणि वाटेत जो भेटेल त्याला हात जोडतो. बाबांनी साहेबाला नमस्कार केला तरी मान ताठ ठेवून केला. घराचं म्हणशील तर आपल्या घराला तू पाचवीत असताना स्लॅब टाकून झाला. तुझ्या घरात पावसाचं पाणी भांड्यात टपटपतं. माझ्या पुढच्या रांगेत सुटीला आलेलं एक कुटुंब होतं. त्यातली बाई दर दहा मिनिटांनी "बिचारे" म्हणत होती आणि पॉपकॉर्नच्या डब्यात हात घालत होती. तिला काय दोष देऊ? तू जे पुढे केलंस त्यावर ती हळहळली.

आईला तर तू पाटलाच्या वाड्यावर पदर पसरायला पाठवलंस. आई कुणाच्या दारात गेली होती, त्या दाराचं नाव लिहून पाठव. आणि ती "न्हाई, न्हाई" म्हणते तेव्हा सगळा हॉल हसतो. तू त्या हसण्यासाठी जागा सोडली आहेस, हे मला सिनेमातलं काही कळत नसलं तरी कळलं.

आणि मुलगा एकुलता एक. बाबांचा डबा घेऊन रुळावर जायचे मी. तो डबा तू मुलाच्या हातात दिलास. हॉस्पिटलात त्यांची नखं मी कापली. तिथे तू वॉर्डबॉय बसवलास. आईला धरून शेजारची बाई उभी आहे. माझं एकेक काम काढून तू वाटून टाकलंस आणि मग मी उरलेच नाही. दोन तास दहा मिनिटांत कुणी मला हाक मारली नाही.

शेवटच्या वीस मिनिटांबद्दल मी काही लिहिणार नाही. मानसी रडत होती म्हणून आम्ही लगेच उठलो नाही, इतकंच.

अमृता


कान्हे,
गुरुवार, २२ जानेवारी

गौरव,

कुरिअरने आलेले दोन पास मिळाले. पाकिटावर आईचं नाव होतं, नाहीतर मी ते दारातूनच परत केले असते. आईने ते तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत आणि रोज काढून बघते.

वस्तीतली निम्मी माणसं जाऊन आली. काकांना वेगळे पास आले होते, वर त्यांनी एक अख्खी रांग घेतली होती. परत आल्यावर ते आईला म्हणाले, "वहिनी, पोरानं दादाला उभा केला बघ पडद्यावर." काकांना बूट दिसले नाहीत. पडद्यावर आपलं स्टेशन दिसलं, आपलं शेत दिसलं, एवढ्यावर सगळे खूश आहेत. कालपर्यंत तू बापाच्या मरणाला न आलेला पोरगा होतास, आज वस्तीचं नाव काढणारा झालास.

आई कधी थिएटरात गेलेली नाही, तुला माहीत आहे. आपण जायचो तेव्हा ती म्हणायची, "घरात कुणी तरी नको का?" महिन्यातून एका रविवारी बाबा आपल्या दोघांना लोकलने लोणावळ्याला न्यायचे. ते जुनं पत्र्याचं थिएटर, तिथले खडखडणारे पंखे, पुढच्या बाकांवरून मान वर करून पाहायचं. संध्याकाळची लोकल चुकू नये म्हणून बाबा सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी आपल्याला उठवायचे. आपण किती सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. मग परतीच्या गाडीत बाबा म्हणायचे, "हं, सांगा आता, पुढं काय झालं आसंल?" मी काहीतरी लग्न लावून मोकळी व्हायचे. तुझं मात्र कान्हे येईपर्यंत चालायचं आणि डब्यातली माणसंही ऐकत बसायची.

ज्या बापाने तुला हे दिलं, तो तुझ्या सिनेमात पोराला थिएटरच्या दारात कमरेच्या पट्ट्याने मारतो. नव्या थिएटरात आवाज चारी बाजूंनी येतो. तो पट्टा माझ्या पाठीमागून आला, डावीकडून आला. बाबांनी आपल्यावर बोट तरी उगारलं का कधी? तू रेल्वेची नोकरी चार महिन्यांत सोडून आलास तेव्हाही ते फक्त उठून आत गेले. नंतर दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत, हे खरं. पण बोलणं बंद करणं पडद्यावर दिसत नसेल. पट्टा दिसतो.

मी आईला नेणार नाही. तिने रोज विचारलं तरी नेणार नाही. कारण तो पट्टा आहे, असं समज.

अमृता


कान्हे,
सोमवार, २६ जानेवारी

गौरव,

नेलं. काका रिक्षा घेऊन दारात आले आणि आई लुगडं बदलून तयारच होती. त्यांच्याबरोबर तिला एकटी सोडवेना, म्हणून मीही गेले.

सरकत्या जिन्यासमोर ती थांबली. माझा हात धरून एक पाय टाकायला तिला पाच मिनिटं लागली. आत अंधारात पायरीवरचे दिवे बघून म्हणाली, "हे बरं केलंय." राष्ट्रगीताला ताठ उभी राहिली. पडद्यावर तुझा नट पहिल्यांदा आला तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जसा ती खरोखर बाबा समोर आले की ओढायची. मग जरा वेळाने म्हणाली, "तुझा बा असा वाकून चालत नव्हता." वाड्यावरचा प्रसंग आला. लोक हसले तेव्हा तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मध्यंतरात समोसा घेतला नाही.

आणि मग तुझी शेवटची वीस मिनिटं.

तुझा बाप खाटेवर पडलेला. शेजारच्या पेशंटचा फोन मागून घेतो. मुंबईला मुलगा "हॅलो, हॅलो, कोण?" म्हणतो. बाप आवाज ऐकतो आणि अंगठ्याने फोन बंद करतो. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळी मुलगा "बाबा?" म्हणतो, तरीही बंद करतो. हॉलमध्ये कुणी नाक ओढत होतं, कुणी रुमाल शोधत होतं. काका हुंदके देत होते. आई रडली नाही.

घरी येऊन तिने मला विचारलं, "तुझ्या बानं फोन कट केलता का गं?"

मी म्हटलं, "सिनेमा आहे तो, आई."

"सिनेमा आसला तरी पोरानं उगाच न्हाई दाखवला. त्याला फोन आलं आसत्याल, कोन बोलत न्हाई आसं. तू तितंच व्हतीस ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "तुला शपथ घातली आसंल त्यानं. म्हणून तू आपली सांगत बसलीस, मी फोन लावला, गौऱ्यानं उचलला न्हाई. बापाचा हट झाकलास तू." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी तिने बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. शेजारी बाबांच्या फोटोपुढे लावली नाही. आजही नाही. १७ फेब्रुवारीला चार वर्षं होतील, दरवर्षी आपण वंदना घेतो, जेवण करतो. आज सकाळी काकांना म्हणाली, "यंदा काय करायचं न्हाई. पोराचा आवाज ऐकून ज्यानं फोन ठेवला त्याला कशाला वंदना?"

सिनेमाच्या सुरुवातीला तू पाटी लावली आहेस की सगळी पात्रं काल्पनिक आहेत. आपल्या वस्तीत ती पाटी कुणी वाचत नाही.

तू आईला फोन कर आणि सांग की ते खोटं आहे. फक्त एवढंच सांग, दुसरं काही नको. खोटं तू केलंस, तूच निस्तर.

अमृता


कान्हे,
रविवार, १ फेब्रुवारी

गौरव,

तुझं पत्र आलं. मोजून पाच ओळी. त्या मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला कळेल.

"ताई, तुला सिनेमात घेतलं असतं तर तुझा फोन दाखवावा लागला असता. ते मला जमलं नाही, म्हणून तुला काढलं. कुणी तरी फोन थांबवला पाहिजे होता, मी नाही, तू नाही, मग बाबाच उरले. आईला मी फोन करणार नाही. काय सांगायचं ते तू सांग."

बरं. म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं, हे तू आता लिहून दिलंस. चार वर्षं आपण दोघंही ते न लिहिता बसलो होतो. मग मीही लिहिते. तू अर्धंच जाणतोस.

तळेगावच्या त्या हॉस्पिटलात बाबा अकरा दिवस होते. अकराही दिवस मी होते, वॉर्डात एकाच माणसाला राहू देत होते. तू नोकरी सोडलीस त्या वर्षी मला नाशिकला बढतीवर जायचं होतं. घरात कुणी तरी पाहिजे म्हणून गेले नाही, ते तुला कुणी सांगितलं नसेल. पहिले तीन दिवस ते तापाच्या ग्लानीत होते आणि मला "सिस्टर" म्हणत होते. वॉर्डातल्या बाकीच्या मुलींना म्हणायचे तसंच. "सिस्टर, पाणी द्या." मी द्यायचे. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला, डोळे स्वच्छ झाले. मी हातात चहाचा कप घेऊन समोर उभी होते. पहिला शब्द काय आला असेल? म्हणाले, "गौऱ्याला बोलव."

मी बाहेर व्हरांड्यात गेले. तुझा नंबर काढला. अंगठा त्याच्यावर ठेवला आणि उभी राहिले. मला वाटलं, आता हा येईल, तासभर उशाशी बसेल, हात धरून रडेल, आणि बाबा सुखाने जातील आणि मरेपर्यंत सगळे म्हणतील, पोरगा आला तेव्हा जीव गेला. मी फोन खिशात टाकला. आत जाऊन म्हटलं, "लागत नाही, बाबा."

उद्या करू असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं. त्याच्या पुढच्या दिवशीही विचारलं. एकदा लागत नाही म्हटल्यावर आता लागला असं म्हणायला तोंड होईना. सातव्या दिवशी मी "उचलत नाही" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "कामात आसंल." आणि भिंतीकडे कूस वळवली. पुन्हा नाव काढलं नाही. ते तुझ्यावर रागावलेले नव्हते, गौरव. सातव्या दिवसापर्यंत ते दाराकडे बघत होते. हे तुला मी आज सांगते आहे आणि तुझं भलं व्हावं म्हणून सांगत नाही.

तू आलास तेव्हा स्मशानातून सगळे परतले होते. पुढे पुण्यानुमोदनाला काकांनी सगळ्यांसमोर तुझी गचांडी धरली. "अमृतानं चार दिस फोन केलं तुला. बाप मरायला टेकला तरी उचलला न्हाईस?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. आणि तू म्हणालास, "व्हय. न्हाई उचलला."

त्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही. तू मला विचारलंस का? तिथल्या तिथे "मला फोन आलाच नाही" म्हणाला असतास तर मी पकडले गेले असते, मार खाल्ला असता, शिव्या खाल्ल्या असत्या आणि त्यातून बाहेर पडले असते. तू मोठा झालास आणि निघून गेलास. मी इथे राहिले. आई तुला शिव्या घालायची आणि मी भाजी निवडत ऐकायचे. वस्तीत माझं उदाहरण द्यायचे, पोरगी असावी तर अशी. चार वर्षं.

आणि आता तेच तू पुन्हा केलंस. पण या वेळी स्वतःच्या अंगावर घेतलं नाहीस. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या अंगावर घातलंस, आणि त्याचं लोकांकडून टाळ्या वाजवून कौतुक करून घेतलंस.

अमृता


कान्हे,
सोमवार, ९ फेब्रुवारी

गौरव,

सांगितलं.

आईनेच म्हटलं, "मला पुन्यांदा बघायचंय. कसा ठेवला त्यानं फोन ते." काल रविवारी गेलो. आता दिवसाला एकच खेळ उरला आहे, दुपारचा. हॉलमध्ये नऊ माणसं होती. आई मधल्या रांगेत बसली, हात मांडीवर. मी ठरवून गेले नव्हते. घरात सांगायला आठ दिवस होते, आठही दिवस मी काही ना काही काम काढत होते. तिथे मात्र उठून जायला काही काम नव्हतं.

पडद्यावर त्या नटाने फोन मागून घेतला. तुझा मुलगा "हॅलो" म्हणाला. एवढा मोठा अंगठा अख्ख्या पडद्यावर. मी म्हटलं, "आई, बाबांनी फोन केलाच नाही."

तिने मान वळवली नाही.

"त्यांनी मला करायला सांगितला होता. मी केला नाही."

"मंग?" ती म्हणाली.

मी सांगत गेले. व्हरांडा, लागत नाही, उचलत नाही, सगळं. मागून एक माणूस म्हणाला, "ताई, बाहेर जाऊन बोला ना." मी आवाज खाली केला. समोर पडद्यावरचा तू तिरडी बांधत होतास, बासरी वाजत होती, मी आईच्या कानाशी बोलत होते आणि तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलत होता. मला वाटलं, ती मध्येच उठेल. उठली नाही. "माझ्या बापास" अशी तुझी शेवटची पाटी आली, दिवे लागले, माणसं गेली, झाडूवाली बाई खालच्या रांगेपासून झाडत वर आली, तरी आई बसून होती.

मग तिने विचारलं, "किती येळा इचारलं त्यानं?"

"चार दिवस. दिवसातून दोनदा, तीनदा."

"आन तू?"

"लागत नाही म्हणाले."

"कुटं बघत व्हता?"

मी म्हटलं, "दाराकडे."

ती उठली. बाहेर आल्यावर मी हात पुढे केला तर तिने घेतला नाही. सरकत्या जिन्याकडे पाठ करून साध्या जिन्याने एकटी खाली गेली, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. स्टेशनवर दुसऱ्या बाकावर बसली. गाडीत बायकांच्या डब्यात दाराजवळ उभी राहिली, जागा असून. घरी येऊन तिने पदराने बाबांच्या फोटोची काच पुसली आणि मेणबत्ती लावली. माझ्यासाठी ताट वाढलं, पुढ्यात ठेवलं आणि आत गेली.

तुला वाटत असेल, मला मोकळं वाटलं. नाही वाटलं. कुणाला वाटत असेल तर ते सिनेमात.

अमृता


कान्हे,
बुधवार, १८ फेब्रुवारी

गौरव,

काल बाबांना चार वर्षं झाली. आई दहा दिवसांत माझ्याशी एकदाच बोलली होती. "सतराला समद्यांम्होरं सांगायचं. जितं गौऱ्याला बोलले, तितंच."

अंगणात सतरंज्या टाकल्या. त्रिसरण, पंचशील झालं. वस्तीतले चाळीस-पंचेचाळीस जण असतील. मी उभी राहिले आणि सांगितलं. फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. मागे बसलेल्या बायकांनी आपापसात पाहिलं. कस्तुरामावशी, जी लग्नाच्या प्रत्येक पोरीला माझं नाव सांगायची, ती म्हणाली, "मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललीस गं?" मी म्हटलं, "हो." ती उठून जेवण न घेता घरी गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या.

भिमाजीकाका उठले. मग नळावर जाऊन तोंड धुतलं आणि ओल्या तोंडाने आईसमोर आले. म्हणाले, "वहिनी, मी त्या पोराची गचांडी धरली. आन तरी त्यानं मला पास पाठवलं." आई म्हणाली, "त्याला सांगा. मला काय सांगता?"

आज सकाळी लसीकरणाला लोहगडवाडीला गेले होते. तिथे काही कळलेलं नव्हतं. दुपारी आपल्याच वस्तीत दोन घरांतल्या बायकांनी दारातून परत पाठवलं. म्हणाल्या, मानसीला पाठवा. मानसीला पाठवलं.

तुला वाटेल, आता ही सुटली, आता ही गोड लिहील. तुझे बूट, तुझा पट्टा, तुझा वाडा मी विसरलेले नाही. माझं मी सांगून टाकलं, तुझं तुझ्याकडे आहे, आणि ते अजून दिवसाला एक खेळ चालू आहे. आणि एक, मी तुझ्या उपकारात होते ती आता नाही. यापुढे मला वाचवू नकोस.

पुढचं आईचं आहे. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "लिही." ती बोलली तसंच्या तसं लिहिते.

"गौरव, तुझी आई सांगती. हिनं त्याला जिता आसताना खोटं सांगितलं आन तू त्याला मेल्यावर खोटा पाडला. दोगांनी बी मला इचारलं न्हाई. बहिणीचं झाकायचं व्हतं तर पैल्यांदा तू आपल्या अंगावर घेतलं व्हतंस, तेवढं तरी बरं व्हतं. मंग ते बापाच्या अंगावर का घातलंस? त्यो तुझी वाट बघत गेला. तुझ्या सिनेमात हट करून गेला. एवढ्या लोकांनी बघितलं, ते आता कसं पुसायचं? मानसी म्हनती पुसता येत न्हाई, एकदा निघाला का निघाला. लोकांचं ऱ्हाऊ दे. तू हितं ये. बापाच्या फोटोम्होरं बस आन खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग. त्याला पायात बूट व्हते ते बी सांग. जेवाया वाढीन. बोलणार न्हाई. हिच्याशी बी बोलत न्हाई."

हे झाल्यावर ती म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बोलणार न्हाई, तेवढं खोड."

मी खोडलेलं नाही. तिने आधी काय सांगितलं आणि मागून काय सांगितलं, दोन्ही तुला कळवते आहे, जसं सांगितलं तसं, त्याच दिवशी. पत्र आज संध्याकाळीच टाकते.

निरोप दिला. येणं न येणं तुझं तू बघ.

अमृता